सेनेका २ च्या नव्या मालकासाठी

दोन इंजिनांचे विमान घेणाऱ्याच्या मनात एक समजूत पक्की असते: एक इंजिन बंद पडले, तरी दुसरे सुखरूप घरी आणेल. मी ज्या नव्या मालकांना शिकवले, त्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ ही समजूत दूर करण्यातच गेला. पायपर सेनेका २ पूर्ण वजनावर, समुद्रसपाटीला आणि प्रमाण हवामानात दोन्ही इंजिनांवर मिनिटाला सुमारे १,३४० फूट चढते. एक इंजिन गेल्यावर मात्र ती जेमतेम २२५ फूट चढते, तेही बंद इंजिनाचा पंखा फेदर केलेला (म्हणजे हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पाती वाऱ्याच्या दिशेत वळवलेली), चाके वर आणि फ्लॅप मिटलेले असतील तरच. शक्ती निम्मी होते, पण चढण्याची क्षमता पाच-सहा हिश्श्यांतली एकच उरते. शिवाय नागपूरचा विमानतळ सुमारे हजार फूट उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला, की तिथली हवा पावणेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी त्या दिवसाचे तापमान आणि वजन घेऊन विमानाच्या पुस्तिकेतील एका इंजिनावरच्या चढाईचा तक्ता पाहावा आणि आकडा कागदावर लिहून ठेवावा. आकडा नकोसा वाटला, तर सामान किंवा इंधन कमी करावे, नाहीतर पहाटे निघावे.

वजनाचा हिशोब करताना एक गोष्ट नेहमी निसटते. कमाल उड्डाण वजन ४,५७० पौंड असले, तरी इंधन वगळून वजन ४,००० पौंडांपेक्षा जास्त असता कामा नये. त्यापुढचा भार केवळ इंधनाचाच असला पाहिजे, कारण पंखांतल्या इंधनामुळे पंखांच्या मुळाशी येणारा ताण हलका होतो. पुढे दोघेच बसले असतील, तर विमान नाकाकडे जड होते. तेव्हा सामान मागच्या कप्प्यात ठेवावे.

इंजिन गेले की विमान मेलेल्या बाजूला वळू लागते आणि ते सरळ ठेवण्यासाठी एक पाय रडर (शेपटीवरचे सुकाणू) फिरवणाऱ्या पेडलवर जोराने दाबावा लागतो. ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्याच बाजूचे इंजिन गेलेले असते. तरीही त्या बाजूचा थ्रॉटल, म्हणजे शक्तीचा दांडा, हळूच मागे घेऊन खात्री करावी. काहीच बदलले नाही, तरच पंखा फेदर करावा. घाईत चालू इंजिनच बंद केले जाण्याचा धोका खरा आहे. मात्र खात्री झाल्यावर रेंगाळू नये, कारण पंख्याचे फेरे मिनिटाला सुमारे ८०० च्या खाली उतरले, तर आतल्या खिट्ट्या पाती अडकवतात आणि मग पंखा फेदर होत नाही. वेग ८९ नॉट, म्हणजे एका इंजिनावर सर्वांत चांगली चढाई देणारी वेगमापकावरची निळी रेषा, धरून ठेवावा आणि चालू इंजिनाकडे ५ अंशांपर्यंत कल द्यावा. वेग ६६ नॉटच्या लाल रेषेकडे, जिच्याखाली एका इंजिनावर विमान ताब्यात राहत नाही, घसरू लागला, तर नाक खाली करून चालू इंजिनाची शक्ती कमी करावी. मनाला हे पटत नाही, पण विमान उलटण्यापासून तेच वाचवते.

याच क्षणी हात दोन्ही थ्रॉटल पूर्ण पुढे रेटू पाहतो. सेनेका २ मध्ये टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारी यंत्रणा) आहे आणि त्याचा वेस्टगेट, म्हणजे जादा धूर बाहेर सोडणारी वाट, स्थिर असल्याने खालच्या उंचीवर पूर्ण थ्रॉटलने मॅनिफोल्ड दाब (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) पाऱ्याच्या ४० इंचांची मर्यादा ओलांडतो, आणि एकुलत्या उरलेल्या इंजिनालाच इजा होते. थ्रॉटल दाबमापकाच्या काट्याकडे पाहून पुढे न्यावा. उतरल्यावर टर्बो थंड होईपर्यंत इंजिन मंद गतीने चालू ठेवावे.

नाकातला हीटर विमानाच्याच पेट्रोलवर जळतो. त्याच्या नळ्यांना चीर गेली, तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो, त्यामुळे त्याची दाब-चाचणी ठरल्या मुदतीत करून घ्यावी आणि नोंदवहीत ती स्वतः पाहावी. विमान विकत घेतानाही मी आधी हीच नोंद शोधतो.

सकाळी टाक्यांच्या तळाचे इंधन काचेच्या भांड्यात काढून उजेडाकडे धरावे. ते निळे आणि एकजीव दिसले पाहिजे. तळाशी पाण्याचा रंगहीन थेंब दिसला, तर तो पूर्ण निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा काढावे. क्रॉसफीड, म्हणजे एका बाजूच्या टाकीतून दुसऱ्या बाजूच्या इंजिनाला इंधन देणे, फक्त सरळ, समतल उड्डाणातच वापरावे.

प्रशिक्षकासोबत एका इंजिनाचा सराव दर काही महिन्यांनी करावा, तोही जमिनीपासून पुरेशा उंचीवर. आणि प्रत्येक उड्डाणाआधी, धावपट्टीच्या टोकाशी उभे असताना, मोठ्याने म्हणावे: चाके उचलण्याआधी इंजिन गेले, तर दोन्ही थ्रॉटल मागे घेऊन मी समोरच उतरणार.