जुने काळे-पांढरे फोटो बघताना या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

परवा बेळगावच्या शहापुरातल्या घराचा माळा आवरताना पणजीचा फोटो सापडला. नऊवारी, नाकात नथ आणि कपाळावर काळंकुट्ट कुंकू. चुलतभावानं लगेच जाहीर करून टाकलं, त्या काळी काळं कुंकू लावायच्या म्हणून. अरे बाबा, कुंकू लालच होतं की! जुन्या कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेच्या प्लेटला लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, त्यामुळं लाल ते काळं यायचं आणि निळं ते पांढरं, म्हणून तर अशा फोटोत आभाळ एकदम कोरं असतं. तेव्हा फोटोवरनं लुगड्याचा रंग ठरवू नका, आणि मोबाईलच्या ॲपनं भरलेला रंग खरा म्हणून फॅमिली ग्रुपवर तर टाकूच नका. आमच्या पणजीला ॲपनं राखाडी लुगडं नेसवलं, आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

व्हॉट्सअपवर येणारे राणी चन्नम्मा नि संगोळ्ळी रायण्णाचे "ओरिजिनल फोटो" हा आणखी एक ताप. इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा १८२९ ला गेली, तिच्या फौजेतल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ ला नंदगडात फाशी दिली, आणि फोटोग्राफीची जाहीर घोषणाच मुळात १८३९ ला पॅरिसमध्ये झाली. मग फोटो काढला कुणी? ती नंतरच्या चित्रकारांची चित्रं आहेत. म्हणून ती फेकून द्यायची असं नाही, फक्त त्यातनं राणीचा चेहरा कळत नाही, पुढच्या लोकांना ती कशी बघायची होती तेवढं कळतं.

कॅप्शनमध्ये "बेळगाव, कर्नाटक, १९३५" लिहिणारे पण भेटतात. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात. म्हैसूर राज्यात गेलो १ नोव्हेंबर १९५६ ला, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ ला. सीमेचा वाद घालायचा तो घाला, पण फोटोखाली त्या वर्षीचंच लिहा.

दुकानाची पाटी उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी छापली गेली असणार, स्कॅन केल्यावर फ्लिप करा, बास.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, ओलीनं फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. मी दिला फ्रेमवाल्याकडं, त्यानं काच खस्सकन ओढली आणि आजोबांचा अर्धा गाल काचेवरच राहिला. चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकटच खिडकीजवळ ठेवून फ्लॅश बंद करून मोबाईल सरळ धरून त्याचा फोटो काढायचा. बुरशी दिसली म्हणून ओलं फडकं फिरवायचं नाही, फाटलं म्हणून सेलोटेप लावायचा नाही, त्याचा डिंक पिवळा पडून फोटोत मुरतो. लॅमिनेशन तर नकोच नको.

आणि मागच्या बाजूला नावं लिहायची ती शिसपेन्सिलनं हलक्या हातानं, बॉलपेन दाबला की पुढं वळ उठतात. खानापूरच्या आत्याला मी ग्रुप फोटो दाखवला, सात जणांतले चार तिनं ओळखले. उरलेल्या तिघांसाठी आता निपाणीला जायचंय, तिथल्या मावशीची नजर अजून बरी आहे म्हणतात.