‘आय अ‍ॅम कमिंग फ्रॉम कोल्हापूर’: गाव सांगताना या चुका टाळा

राजारामपुरीत मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतो. मुलाखतीच्या सरावात पहिलाच प्रश्न असतो, ‘व्हेअर डू यू कम फ्रॉम?’ पोरगं ताठ बसून सांगतं, ‘सर, आय अ‍ॅम कमिंग फ्रॉम कोल्हापूर.’ मी म्हणतो, ‘मग आता कुठवर आलायस? किणी टोलनाका गेला का?’

गंमत अशी, की मराठीत ही चूक होतच नाही. ‘कुठला रे तू?’ म्हटलं की ‘कोल्हापूरचा’, ‘कुठनं आलास?’ म्हटलं की ‘कोल्हापूरहून’. आपलं काम प्रत्यय करतात. इंग्रजी दोन्हीकडं ‘कम फ्रॉम’च वापरते आणि फरक काळावर सोडते. ‘आय कम फ्रॉम कोल्हापूर’ म्हणजे मी कोल्हापूरचा. ‘आय केम फ्रॉम कोल्हापूर धिस मॉर्निंग’ म्हणजे सकाळी तिथनं आलो. ‘अ‍ॅम कमिंग’ म्हटलं की तुम्ही अजून एस्टीतच. पुण्यात दहा वर्षं काढली तरी गाव सांगताना ‘कम’च, माणूस हलतो, मूळ हलत नाही. गोंधळ होत असेल तर सरळ ‘आय अ‍ॅम फ्रॉम कोल्हापूर’ म्हणा. ‘आय अ‍ॅम बिलाँगिंग टू कोल्हापूर’ मात्र नको. ‘हेल फ्रॉम’ चूक नाही, पण बोलताना सत्कार समारंभाचा वास येतो.

वास्तूंचंही तसंच. न्यू पॅलेस 1884 चा, म्हणून पोरं ‘डेटेड’ असा भूतकाळ लावतात. पॅलेस अजून उभा आहे, तेव्हा ‘द पॅलेस डेट्स फ्रॉम 1884’. ‘डेट्स बॅक’ म्हणायचं असेल तर पुढं ‘टू’. ‘बॅक फ्रॉम’ नाही.

‘मेड ऑफ’ की ‘मेड फ्रॉम’, हे मात्र कानानं कळतं. चप्पल चामड्याची: चामडं डोळ्यांना दिसतं, म्हणून ‘मेड ऑफ लेदर’. गूळ उसापासून: काहिलीत रस आटला की ऊस ओळखू येत नाही, म्हणून ‘मेड फ्रॉम शुगरकेन’. मराठीत ‘पासून’ सहज बसलं की बहुतेक वेळा ‘फ्रॉम’.

हे शिकवल्यावर एकानं झोकात वाक्य केलं, ‘ऑल कोल्हापुरी चप्पल्स कम फ्रॉम कोल्हापूर.’ व्याकरण बिनचूक, माहिती चुकली. 2019 मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी.