लोकल डेव्ह सर्व्हर चालू करण्याआधी

इंडेक्स फाइलवर डबल क्लिक केलं की पान उघडतं, मग आपल्याच संगणकावर पान पुरवणारा डेव्ह सर्व्हर कशाला? कारण तसं उघडलेलं पान जावास्क्रिप्टची मॉड्यूल (वेगळ्या फाइलमधले कोडचे भाग) मागायला लागलं की ब्राउझर नाही म्हणतो आणि कॉन्सोलमध्ये कॉर्सची (एका पत्त्यावरच्या पानाने दुसरीकडून काही मागण्यावरच्या बंधनाची) लाल ओळ दिसते. त्यामुळे सर्व्हर हवाच.

आधी नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती बघा. प्रोजेक्टमध्ये एनव्हीएमआरसी फाइल असेल तर तिच्यात लिहिलेलीच घ्या. व्हीट हे डेव्ह सर्व्हर चालवणारं साधन. व्हीट ७ ला नोड २०.१९ किंवा २२.१२ किंवा त्यापुढची लागते. जुन्या नोडवर ते जे रडगाणं गातं, त्यातून खरं कारण पटकन कळत नाही. (व्हीटचा उच्चार आपल्या विटेसारखाच, पण त्याचा वीट यायचं कारण नाही.) दुसऱ्याचा प्रोजेक्ट नुसता चालवून बघायचा असेल तर लायब्ररी आणणाऱ्या एनपीएम इन्स्टॉल या कमांडऐवजी एनपीएम सीआय द्या. ती लॉक फाइलमध्ये (प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदवलेल्या फाइलमध्ये) असलेल्याच आवृत्त्या आणते आणि प्रोजेक्टच्या लायब्ररींच्या यादीशी तिचा मेळ बसला नाही तर तिथेच थांबते.

आता पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो, आणि इथे घाई नको. व्हीट ५१७३ वर बसतं, अँग्युलर हे फ्रेमवर्क ४२०० वर. ५१७३ आधीच अडलेला असेल तर व्हीट गुपचूप ५१७४ वर सरकतं. पान व्यवस्थित दिसतं, लॉगिन मात्र होत नाही, कारण बॅकएंडच्या (मागे डेटा आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) परवानगीच्या यादीत ५१७३ च आहे. या भानगडीत माझी एक अख्खी दुपार गेली आहे. तेव्हापासून व्हीटचा स्ट्रिक्टपोर्ट हा पर्याय चालू ठेवतो: पोर्ट मोकळा नसेल तर सर्व्हरने सरळ नकार द्यावा. ब्राउझरच्या लेखी पोर्ट बदलला की ओरिजिन (पानाचा मूळ पत्ता) बदलला, म्हणून लोकल स्टोरेज (पानाने ब्राउझरमध्ये साठवलेला डेटा) ही वेगळं होतं. कुकीज मात्र पोर्ट बघत नाहीत, त्यामुळे एका प्रोजेक्टची कुकी दुसऱ्यात डोकावते. जुन्या प्रोजेक्टचा सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये राहून साठवलेली पानं देऊ शकणारी स्क्रिप्ट) त्याच पोर्टवर राहिला असेल तर नव्याच्या जागी जुनंच पान दिसू शकतं. ब्राउझरच्या डेव्हटूल्समधून तो काढून टाका.

बॅकएंड वेगळ्या पोर्टवर असेल तर प्रॉक्सी लावून घ्या, म्हणजे विनंत्या डेव्ह सर्व्हरमार्फतच बॅकएंडकडे जातात. मग ब्राउझरला सगळं एकाच पत्त्यावरून आल्यासारखं वाटतं आणि कॉर्सचा प्रश्नच उरत नाही. ही सोय फक्त डेव्हलपमेंटपुरती आहे, तेवढं टीममध्ये सांगून ठेवा. एन्व्ह फाइल (सेटिंग्ज आणि गुप्त माहिती ठेवण्याची फाइल) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदींत, जात नाही ना, हेही बघा. नावाच्या सुरुवातीला VITE_ असलेलं त्या फाइलमधलं व्हेरिएबल कोडमध्ये वापरलं की त्याची किंमत ब्राउझरपर्यंत पोहोचते, म्हणून पासवर्डसारखी गुप्त किल्ली तिथे नकोच.

फोनवर बघायचं असेल तर होस्टचा पर्याय देऊन सर्व्हर चालवा, फोन आणि संगणक दोन्ही एकाच वायफायवर ठेवा आणि संगणकाचा फायरवॉल अडवत नाही ना, ते बघा. कॅमेरा किंवा लोकेशन वापरत असाल तर एवढ्यावर भागणार नाही. लोकलहोस्टला (स्वतःच्याच संगणकाच्या पत्त्याला) ब्राउझर सुरक्षित मानतो, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या वायफायवरच्या पत्त्याला ती सवलत नाही, तिथे एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) लागतं. त्यासाठीचं सर्टिफिकेट एमकेसर्ट या साधनाने मिनिटात बनतं, पण त्याचं रूट सर्टिफिकेट फोनवरही बसवावं लागतं. नेमकं तेच राहून जातं.

विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर असेल तर फाइल सेव्ह केली तरी पान बऱ्याचदा ताजं होत नाही.