रेडिएटरचा फॅन फिरत नाही? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा फॅनमधला छोटा दोषही इंजिनाच्या जिवावर बेतू शकतो. तरीही घाईने मोटर बदलू नये. आधी इंजिनाच्या तापमानाचा काटा नेमका केव्हा चढतो, याची नोंद घ्यावी. कन्नडच्या औट्रम घाटात वाहतूक खोळंबलेली असताना तो चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ६०-७० किलोमीटरच्या वेगात पुन्हा उतरत असेल, तर संशय फॅनवर घ्यावा, कारण वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. उलट, महामार्गावर वेगात असतानाच गाडी गरम होत असेल, तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी, चोंदलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि वॉटर पंप आधी तपासावेत.

इंजिन सुरू करताच फॅन फिरला नाही म्हणून तो बिघडला, असे ठरवणे चूक आहे. बहुतेक गाड्यांत कूलंट साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तापल्यावरच फॅन सुरू होतो. एसी लावल्यावर मात्र बहुतेक गाड्यांत तो लवकरच फिरू लागतो. एसीवर फिरणारा फॅन इंजिन तापल्यावर फिरत नसेल, तर मोटर ठीक आहे आणि दोष तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरीत असण्याचा संभव अधिक.

दोन्ही वेळा फॅन फिरत नसेल, तर फ्यूज पाहावा आणि फॅनच्या रिलेच्या (वीजपुरवठा चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) जागी त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, लावून पाहावा. त्यानंतर इंजिन बंद ठेवून मोटरचा कनेक्टर काढावा आणि मध्ये फ्यूज असलेल्या वायरीने मोटरला बॅटरीचा १२ व्होल्टचा पुरवठा थेट द्यावा. मोटर फिरली, तर दोष मोटरच्या आधी, म्हणजे रिले, वायर, वितळलेला कनेक्टर किंवा गंजलेली अर्थ (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली ऋण वायर) यांपैकी कोठेतरी आहे. अर्थकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि अनेकदा तेथील गंज घासून नट आवळल्यावर काम भागते. बंद मोटर हलकेच ठोकल्यावर फिरू लागली, तर आतील कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजले आहेत, असे समजावे.

सर्वांत घातक चूक म्हणजे फॅन ‘डायरेक्ट’ करणे. दोष सापडत नाही म्हणून बॅटरीवरून वायर ओढून डॅशबोर्डवर एक बटण बसवले जाते आणि ग्राहकही दुरुस्ती स्वस्तात झाली म्हणून समाधानाने परततो. परंतु आता इंजिन केव्हा थंड करायचे, हे चालकाच्या आठवणीवर अवलंबून राहते, आणि एखाद्या दुपारी तो बटण दाबायला विसरला, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचे सील) जळते, ज्याचा खर्च रिलेच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. त्याहून गंभीर बाब अशी की, ही वायर फ्यूजशिवाय जोडलेली असेल आणि मोटर अडकली, तर वायर तापून गाडीला आग लागू शकते. ३० अँपिअरच्या फ्यूजऐवजी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालण्यातही हाच धोका आहे. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, याचा अर्थ मोटर जड फिरते आहे किंवा वायर कोठेतरी घासली आहे, ते शोधावे.

फॅन वाचवायचा असेल, तर रेडिएटरही जपावा लागतो. आपल्याकडील बोअरचे पाणी क्षारांनी जड असते. ते भरल्याने आत थर साचतो आणि फॅन अखंड फिरूनही इंजिन निवत नाही. म्हणून कूलंटमध्ये क्षारविरहित पाणीच मिसळावे. कूलंट भरल्यावर आत हवा राहू देऊ नये, कारण हवेच्या पोकळीत अडकलेल्या सेन्सरला खरे तापमान कळत नाही आणि फॅन सुरूच होत नाही. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ, कापूस आणि पाचट प्रेशर पंपाने धुतल्यास नाजूक पत्र्या वाकतात. साध्या पाइपने, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, हळू पाणी सोडावे.

गरम इंजिनाचे रेडिएटर झाकण कधीही उघडू नये. चावी बंद असतानाही काही गाड्यांत फॅन अचानक फिरतो, म्हणून पात्यांजवळ हात घालण्याआधी बॅटरीची ऋण वायर काढावी. दुरुस्तीनंतर वारा रेडिएटरकडून इंजिनाकडे येतो की नाही, हे पाहावे, कारण वायरी उलट जोडल्या गेल्यास फॅन उलटा फिरतो. मग एसी बंद ठेवून इंजिन जागेवर चालू ठेवावे आणि फॅन आपोआप सुरू होऊन आपोआप थांबतो, हे किमान दोनदा पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.