शिफ्टिंगमध्ये मोठा मासा जखमी झालाय? आधी या चुका थांबवा

घर बदलायचा सीझन आला की माझा फोन सुरू होतो. "दादा, ऑस्करचे (टाकीत पाळतात तो मोठा मासा) खवले गेलेत, कुठलं औषध टाकू?" पाणी कसं आहे, फिल्टर कधी धुतला, मासा श्वास कसा घेतोय, याबद्दल एक शब्द नाही, थेट औषध. आणि मी काही सांगायच्या आत समोरच्याने निळं औषध, पिवळी पावडर आणि मूठभर मीठ टाकूनही झालेलं असतं, मला फोन फक्त "बरोबर केलं ना" हे ऐकायला.

नाही, बरोबर नाही केलंस. पण मीही हेच केलं होतं, म्हणून चिडायचा हक्क मला आहे.

माझा ऑस्कर ११ इंची, नाव आबा, कारण रुसला की चार दिवस तोंड फिरवून बसायचा. मे महिन्यात डोंबिवलीहून कोथरूडला शिफ्ट झालो. आदल्या रात्री आई म्हणाली नव्या घरात घाण वास नको, म्हणून मी फिल्टर नळाखाली धरून चकाचक केला, सिरॅमिक रिंग्ज गॅलरीत उन्हात वाळवल्या, स्पंज तर साबणाने धुणार होतो, थोडक्यात वाचलो. आबाला निळ्या पिंपात घातलं, बॅटरीचा एअर पंप लावला आणि निघालो. घाटात ट्रॅफिक, पुढे एका गतिरोधकावर टेम्पो असा आपटला की पिंपातून धाडकन आवाज आला. पोचल्यावर बघतो तर उजव्या कुशीवर दहाच्या नाण्याएवढी जागा सोललेली, एक डोळा पांढरा.

मग माझं डोकं फिरलं. टाकी भरली, मिथिलिन ब्लू (तेच ते निळं औषध) टाकलं, मीठ अंदाजाने, वर टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून. तिसऱ्या दिवशी आबा वर येऊन तोंड उघडझाप करतोय, कल्ले धाप लागल्यासारखे हलतायत. जखम मात्र होती तशीच, वाढलीही नव्हती. माझ्या ओळखीच्या जुन्या मासेवाल्याला फोन केला तर त्याने एकच विचारलं, "फिल्टरचा माल, म्हणजे रिंग्ज आणि स्पंज, ओला आणलास का?" टेस्ट किट लावलं, अमोनियाचा रंग गडद हिरवा, म्हणजे अमोनिया फार वाढलेला.

तर झालं असं की फिल्टरमधले बॅक्टेरिया, जे माशाच्या घाणीतला अमोनिया खातात, ते मी आधीच उन्हात मारले होते. जे चुकूनमाकून उरले असतील त्यांना मिथिलिन ब्लूने संपवलं. शिवाय सोसायटीत पाणी टँकरचं, चांगलंच जड, आणि जड पाण्यात टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटून बरंचसं निकामी होतं, म्हणजे ती कॅप्सूल पाणी पिवळं करण्यापुरतीच. जखमेने मेला नसता तो, मीच मारत होतो.

त्या मासेवाल्याने त्याच्या चालू टाकीतला स्पंज पाण्यासकट पिशवीत घालून दिला, तो मी माझ्या फिल्टरमध्ये पिळला आणि आत ठेवूनही दिला. औषधं बंद. रोज ३० टक्के पाणी बदल, क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं. असे बारा दिवस. आठ-दहा दिवसांत जखमेच्या कडा भरायला लागल्या, डोळा तिसऱ्या आठवड्यात साफ झाला, खवले यायला दोनेक महिने लागले. खवल्याची मुळाची जागा शाबूत असेल तर तो परत येतो, फिनही परत येतात, अगदी बुडापासून गेली नसतील तर.

म्हणून माझी सवय सांगतो. फिल्टरचा माल टाकीच्याच पाण्यात बुडवून, झाकण उघडं ठेवलेल्या बादलीत न्यायचा. कॅनिस्टर (डब्यासारखा बंद फिल्टर) बंद करून पाच-सहा तास तसाच ठेवला तरी आतले बॅक्टेरिया गुदमरतात. दुसरं, शिफ्टिंगच्या आधीच्या आठवड्यात नव्या घरचं पाणी दोन-तीन कॅन भरून आणतो आणि रोज थोडं थोडं जुन्या टाकीत मिसळतो. बायको हसते. हसू दे.

आता मीठ. खडे मीठ चालतं, फक्त काही मिसळलेलं नसावं. सुरुवात लिटरला १ ग्रॅम, ते बादलीत विरघळवून दिवसभरात दोन-तीन हप्त्यांत. गरज वाटली तर दोन दिवसांत ३ ग्रॅमपर्यंत. चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी म्हणजे भरून साधारण २५० लिटर, म्हणजे पहिला डोस पाव किलो. आणि मीठ उडून जात नाही! पाणी बदललं की जेवढं काढलं तेवढ्याचंच मीठ घालायचं, दर वेळी पूर्ण डोस घालणारे लोक आठवड्यात टाकीचा समुद्र करतात. सोबत तळाशी राहणारे मासे असतील तर आणखी जपून, कॅटफिशला मीठ फार झेपत नाही.

हळद. अरे बाबांनो. एका मित्राने आरवाना (लांबट, मोठा मासा) हाताने उचलून ओल्या टॉवेलवर ठेवून जखमेवर हळदीचा लेप लावला, का, तर आजी गुडघ्याला लावायची. हळद पाण्यात नीट विरघळतच नाही, लेप पाच मिनिटांत तरंगायला लागला, आणि टॉवेलवर माशाच्या अंगावरचा चिकट थर मात्र निघून आला. तो थर हेच त्याचं खरं बँडेज असतं. काहीतरी घरगुती करायची खाजच असेल तर देशी बदामाची (टर्मिनेलिया कटाप्पा) पिकून पडलेली, वाळलेली पानं टाका, धुऊन, तीन-चार. पाणी चहासारखं होईल, होऊ दे.

जाळीने मोठा मासा पकडायचा नाही, फिनचे काटे अडकतात. टब पाण्यात बुडवून त्यातच घ्यायचा.

ऑक्सिजनच्या पिशवीतून आणलेल्या माशाला पिशवी उघडून दोन तास थेंब थेंब पाणी देत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, म्हणून अमोनिया फारसा चावत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवा, उघडा, मासा टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत.

हीटर ३२ वर नेणारे वेगळेच. कुठेतरी ऐकलेलं असतं की गरम पाण्यात मासा लवकर बरा होतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि जखमेवरचा कापसासारखा थर बुरशीऐवजी कॉलमनॅरिस (बॅक्टेरियाचा रोग) असला तर तो उष्णतेत जास्तच पळतो. २७-२८ पुरे, एअर स्टोन जोरात. जखमेची कड लाल होऊन पसरायला लागली किंवा दोन्ही डोळे फुगले, तर मात्र जाणकाराला दाखवून एकच औषध, तेही वेगळ्या टाकीत.

लाइट तीन दिवस बंद, काचेला बाहेरून वर्तमानपत्र. मासा उडी मारून बाहेर पडू नये म्हणून झाकणावर वजन, आरवाना असेल तर दुप्पट.

आणि खाणं. मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तर काहीही होत नाही, पण तुम्हाला राहवत नाही हे मला माहीत आहे. ऑस्कर आडवा पडून मेल्याचं सोंगही करतो, काचेवर टकटक करून तो उठणार नाही. आबा चौदाव्या दिवशी जेवला, चार दाणे, तेही मी समोरून उठून गेल्यावर. पाचवा दाणा मी पाच मिनिटांनी पाइपने काढून टाकला.