गल्लीतलं पार्किंग आणि ट्रॅफिक: पुण्यात तक्रार कशी करायची की काम होईल

कोथरूड घ्या, कर्वेनगर घ्या, सहकारनगर घ्या, आतल्या गल्ल्यांमध्ये पार्किंगवरून वाद नाही असं होतच नाही. ग्रुपवर गाडीचा फोटो पडतो, खाली सगळे चिडतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी तिथेच उभी. माझं म्हणणं एकच आहे, तक्रार करायच्या आधी रस्ता मोजा. खरंच टेप घेऊन खाली उतरा. "रहिवाशांना खूप त्रास होतो" असं लिहिलेला अर्ज फाइलला लागतो आणि विषय संपतो, पण अर्जात आकडा असला की त्यावर काहीतरी शेरा मारावाच लागतो.

हिशोब सोपा आहे. समजा गल्ली ६ मीटरची आहे. साधी कार पावणेदोन मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी कार लागल्या की साडेतीन मीटर गेले, भिंतीपासून सोडलेली जागा आणि बाहेर आलेले आरसे धरले की मध्ये जेमतेम सव्वादोन मीटर उरतात. अग्निशमनची मोठी गाडी अडीच मीटरच्या आसपास असते. ती आत येणारच नाही! हे अर्जात असंच लिहा, आणि सकाळी, संध्याकाळी व रात्री उशिरा असे वेगवेगळ्या वेळचे फोटो जोडा, कारण दुपारी रस्ता मोकळाच दिसतो आणि पाहणीला येणारे बहुतेक दुपारीच येतात.

आता अर्ज कुणाकडे, इथे बरेच जण गोंधळतात. नो पार्किंग, वन-वे, सम-विषम पार्किंग हे सगळं वाहतूक पोलिसांच्या हातात, म्हणजे तुमच्या भागातला वाहतूक विभाग आणि वर उपायुक्त, वाहतूक. पट्टे मारणं, स्पीडब्रेकर, फूटपाथ, अतिक्रमण हे महापालिकेचं, त्यासाठी क्षेत्रीय कार्यालय. एकाच पत्राच्या दोन प्रती काढा, दोन्हीकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोच नसेल तर सहा महिन्यांनी तुमच्या अर्जाचा कुणाला पत्ता नसतो.

अरुंद गल्लीत पूर्ण नो पार्किंग मागू नका हे मनापासून सांगतो, कारण ज्यांच्या जुन्या बिल्डिंगला पार्किंगच नाही ते लगेच विरोधात जातात आणि त्यांचंही चूक नसतं, त्यांनी गाडी न्यायची कुठे. त्यापेक्षा पी-१ पी-२ मागा. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला गाड्या, पी-२ च्या बाजूला सम तारखेला, एक बाजू कायम मोकळी. ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, त्या दिवशी बाजू बदलत नाही, हे आधीच ग्रुपवर टाका नाहीतर महिनाअखेरीला हमखास घोळ होतो. असे बदल सहसा आधी तात्पुरत्या आदेशाने करून नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात, तेव्हा पाठिंब्याची पत्रंही द्या. विरोध करणारे लिहितातच, पाठिंबा असलेले घरी बसतात.

म्हणूनच सह्या गोळा करताना दारोदार जा, व्हॉट्सॲपवरचा अंगठा सही नसते. कोपऱ्यावरचे क्लासेस, दवाखाना, मेसवाले यांनाही भेटा. क्लासच्या सरांना "सर, दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवता का" एवढं विचारलं तरी पालकांच्या गाड्यांची निम्मी गर्दी कमी होते, अर्ज वगैरे न करता.

गेटसमोरच कुणी गाडी लावून गेलं तर आधी वॉचमनला विचारा, आसपास चौकशी करा, मग वाहतूक पोलिसांना कळवा. महाट्रॅफिक ॲपवर फोटोसह तक्रार करता येते, नंबर प्लेट आणि गेट एकाच फोटोत आलं पाहिजे. ॲम्ब्युलन्स अडकली असेल तर थेट ११२. पण हवा सोडणं, काच फोडणं, टायरला साखळी लावणं असलं काही करू नका, त्यात गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मूळ विषय बाजूला राहतो. रस्त्यावर कुंड्या, दगड, जुने टायर ठेवून जागा अडवणंही तितकंच चूक, रस्ता सगळ्यांचा आहे, आपल्या भिंतीलगतचा तुकडासुद्धा.

धूळ खात पडलेल्या, टायर बसलेल्या बेवारस गाड्यांची यादी वेगळी करा, नंबर आणि फोटोसकट क्षेत्रीय कार्यालयात द्या. महापालिका नोटीस चिकटवते आणि मुदतीनंतर उचलते. एवढ्यानेच कधीकधी दोन-तीन कारची जागा मोकळी होते.

स्पीडब्रेकरबद्दल एक. गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून सिमेंटचा उंचवटा घातला की पाठीचं दुखणं असलेले काका आणि स्कूटरवरच्या गरोदर बाई यांचे हाल होतात. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिच्या मापाप्रमाणे गोलसर ब्रेकर गाडी जाते त्या दिशेने साधारण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, वर पांढरे पट्टे आणि ब्रेकरच्या आधी बोर्ड. अर्जात हेच माप लिहा.

महिन्याभरात काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी १० रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. विचारायचं काय तर "अमुक तारखेच्या आमच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, पाहणी अहवालाची प्रत द्यावी". उत्तराची मुदत ३० दिवस. बहुतेक वेळा उत्तर यायच्या आधी पाहणीवालेच येतात, तेव्हा टेप आणि संध्याकाळचे फोटो घेऊन दोघंतिघं तरी खाली हजर राहा.