शेवट ऐकून निवडा: स्ट्राउसच्या टोन पोएममधून आपली आवडती कशी ठरवावी

गेल्या महिन्यात भाचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपवर आला. लाइट गेली होती, लेथ बंद होता, आणि मी मोबाइलला बॅटरीवरचा स्पीकर जोडून स्ट्राउसच्या टोन पोएम ऐकत बसलो होतो. तो बराच वेळ गप्प बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मामा, ह्यातलं आधी कुठलं लावू सांगा की. लई हायत." त्या दिवशी मला धड सांगता आलं नाही, म्हणून आता लिहून काढतो.

पहिल्यांदा नावाची गल्लत टाळा. आपल्याला हवा तो रिचर्ड स्ट्राउस. जन्म म्युनिकचा, १८६४ चा. मृत्यू १९४९ मध्ये. नुसतं 'स्ट्राउस' शोधलं की व्हिएन्नाचा, वॉल्ट्झवाला योहान स्ट्राउस पुढे येतो. दोघांचं काही नातं नाही. टोन पोएम म्हणजे एखादी गोष्ट, कविता किंवा माणूस मनात धरून ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली रचना. गाणारं कोणी नसतं, शब्द नसतात. इटलीच्या प्रवासावरची त्याची सुरुवातीची रचना बाजूला ठेवली तर अशा नऊ आहेत. नऊच्या नऊ आवडायलाच पाहिजेत असं नाही. दोन-तीन आपल्या झाल्या तरी पुष्कळ.

माझे वडील मंगळवार पेठेतल्या एका बँडमध्ये युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य, वाजवायचे. लग्नसराईत घरात तेवढाच पैसा यायचा. वरात नवरदेवाच्या दारात पोचली की सगळं पितळ एकदम, ढोल जोरात, आणि थांबलं की कान सुन्न. संगीताचा शेवट असाच असतो, अशी माझी लहानपणापासून समजूत. शंभर माणसांचा ऑर्केस्ट्रा तर त्याहून मोठ्यानं संपत असणार. स्ट्राउस ऐकायला लागलो तेव्हा उलटंच दिसलं. एवढा मोठा ताफा जमवून हा माणूस बहुतेक वेळा अगदी हळू आवाजात निरोप घेतो. तेव्हापासून मी निवड शेवटावरून करतो.

पद्धत सोपी आहे. एक रचना एका बैठकीत पूर्ण ऐका. दोन दिवस जाऊ द्या. मग तिची फक्त शेवटची चार मिनिटं ऐका. कामाच्या मधे, स्कूटरवर, रंकाळ्याला फिरताना तो शेवट आपोआप डोक्यात आला तर ती रचना तुमची. नाही आला तर पुढची घ्या. आधीचं न ऐकता नुसता शेवट ऐकू नका, त्याला काही अर्थ राहत नाही.

मोबाइलच्या आतल्या स्पीकरवर ऐकू नका, ही कळकळीची विनंती. स्ट्राउसचे खालचे स्वर त्यातून बाहेरच पडत नाहीत. हेडफोन किंवा साधा जुना म्युझिक सिस्टीम चालेल. वेळ पहाटेची. कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की अगदी हळू वाजणारा भाग हातातून गेलाच.

सुरुवात 'टिल ऑयलेनश्पीगल'नं करा. १८९५ ची, जेमतेम पंधरा मिनिटांची. जर्मन लोककथेतला खोडकर पोरगा, बाजार उधळतो, पंडितांची टर उडवतो, शेवटी पकडला जातो. ढोलाचा कडकडाट होतो, जड पितळी वाद्यं दरडावून विचारतात आणि छोटी क्लॅरोनेट तेवढ्याच उद्धटपणे उत्तर देते. मग फाशी. क्लॅरोनेटची ती शेवटची किंकाळी बँडवाल्याच्या पोराला सांगावी लागत नाही. आमच्याकडे रियाजाला चुकून असा आवाज निघाला की मास्तर रागवायचे, आणि इथं तोच आवाज मुद्दाम लिहिलेला. त्यानंतर 'एकदा काय झालं' अशी सुरुवातीची चाल हळूच परत येते आणि एका मोठ्या हसण्यानं सगळं संपतं. मोठ्यानं संपणाऱ्या मोजक्या रचनांपैकी ही एक.

दुसरी 'डॉन जुआन'. १८८९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला पहिल्यांदा वाजली, तेव्हा स्ट्राउस पंचवीस वर्षांचा होता. मधे चार हॉर्न (गोल वळवलेल्या नळीचं पितळी वाद्य) एका सुरात जी चाल घेतात, ती ऐकून माझ्या अंगावर अजून काटा येतो. स्ट्राउसचे वडील फ्रान्झ म्युनिकच्या दरबारी ऑर्केस्ट्रात हॉर्न वाजवायचे. घरात रोज ते वाद्य ऐकलेल्या पोरानंच असं लिहावं. आणि एवढ्या जोमात चाललेलं सगळं एकदम थांबतं. शांतता. मग थरथरते तंतुवाद्यांचे सूर, त्यात ट्रम्पेटचा एकच टोचणारा स्वर, आणि संपलं. माणूस जगण्याला कंटाळून तलवार खाली टाकतो तसं.

'मृत्यू आणि रूपांतर'ही त्याच काळातली. अंथरुणाला खिळलेला माणूस, अडखळत पडणारे हृदयाचे ठोके, आठवणी, आणि शेवटी वर उघडत जाणारी एक चाल. पंचविशीत लिहिलेली तीच चाल स्ट्राउसनं १९४८ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, 'संधिप्रकाशात' या गाण्याच्या शेवटी परत वापरली; 'हाच का मृत्यू?' हे शब्द संपतात आणि हॉर्न ती चाल वाजवतो. ही रचना ऐकल्यावर ते गाणंही जरूर ऐका. दोन्ही शेवट शेजारी ठेवले की साठ वर्षांचं अंतर कानाला कळतं.

'झरथुस्त्र' बहुतेकांना ठाऊक असते ती सुरुवातीच्या दीड मिनिटामुळे. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमानं ती जगभर पोचवली. पुढे अर्धा तास आहे हे अनेकांच्या गावीच नसतं. माझ्या मते ही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ऐकायची गोष्ट. तिचा शेवट विलक्षण आहे: वरची वाद्यं एका पट्टीत स्थिरावतात आणि खालचे बेस दुसऱ्याच पट्टीतला 'सी' हा स्वर छेडत राहतात. दोघांचं जुळत नाही. तानपुरा एका सुरात आणि गवई दुसऱ्या षड्जावर, अशी मैफल संपली तर आमच्या देवल क्लबात, म्हणजे कोल्हापुरातल्या जुन्या संगीतसंस्थेत, बसलेल्या जाणकाराला जे वाटेल तेच इथं मुद्दाम साधलंय. मुंबईत जन्मलेले ऑर्केस्ट्रा-संचालक झुबिन मेहता यांचं लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबरचं रेकॉर्डिंग मिळालं तर तेच लावा.

आता माझी. 'डॉन किहोटे', १८९७ मध्ये लिहिलेली, चाळीस मिनिटांची. भ्रमिष्ट सरदार म्हणजे चेलो, आणि त्याचा साधासुधा चाकर सांचो म्हणजे व्हायोला, व्हायोलिनचं जरा मोठं भावंड. पण सांचो पहिल्यांदा येतो तो व्हायोलावर नाही, बेस क्लॅरोनेट आणि टेनर ट्यूबावर. हा टेनर ट्यूबाचा भाग पुष्कळदा युफोनियमवरच वाजवतात.

मला हे ठाऊक नव्हतं. मशीनचे पार्ट आणायला मुंबईला गेलो होतो, तेव्हा फोर्टातल्या एका दुकानातून ती सीडी घेतली, कव्हरवर पवनचक्की होती म्हणून. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. रात्री घरी लावली, आणि त्या जर्मन वाद्यमेळातून वडिलांचा आवाज आला. गुबगुबीत, जरा अडखळता, भला माणूस चालावा तसा. जन्मभर वरातीत मागच्या रांगेत चाललेलं वाद्य. बायको उठून बाहेर आली, म्हणाली, "अहो, काय झालं?" मला बोलता येईना.

यात मेंढरांचा कळप आहे, पितळी वाद्यं जीभ थरथरवत बें बें करतात. वाऱ्याचं यंत्र आहे. पण शेवटी म्हातारा शहाणा होतो, चेलो आपली सगळी कहाणी शांतपणे सांगतो, आणि एक घसरता सूर घेऊन श्वास सोडतो. चेलोवर पॉल टोर्टेलिए, आणि साथीला संचालक रुडॉल्फ केम्पे यांच्या हाताखालचा ड्रेस्डेनचा ऑर्केस्ट्रा, हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं रेकॉर्डिंग मी सोडत नाही.

'आल्पाइन सिम्फनी' १९१५ ची. पन्नास मिनिटं, एक अख्खा दिवस डोंगरावर. आमच्या पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्यात गेलेल्या माणसाला वेगळी ओळख नको. रात्रीतून सूर्य उगवतो, जंगल, ओढा, धबधबा, शिखर. मग धुकं, आणि वादळाआधीची ती दबलेली शांतता, थेंब एकेक करून पडायला लागतात. उतरताना चढणीचीच चाल उलटी होऊन धावत खाली येते, वाटेतल्या खुणा उलट्या क्रमानं झपाट्यानं जातात. पन्हाळ्याहून पावसात पळत उतरलेल्यांना ते पायात जाणवेल. शेवटी पुन्हा सुरुवातीचीच रात्र. पहिल्यांदा ऐकताना मधे उठू नका, नाहीतर ती रात्र परत आल्याचं कळतच नाही.

'वीराचं जीवन' आठ हॉर्नांची, भव्य. तिचा मूळ शेवट विरत जाणारा होता, नंतर स्ट्राउसनं पितळी वाद्यांचा चढता शेवट लिहिला. मला मूळचाच आवडतो. घरसंसारावरची 'डोमेस्टिका' मला लांबलेली वाटते. 'मॅकबेथ' सगळ्यात शेवटी ऐका.

भाच्यानं दीड महिन्यात चार ऐकल्या. परवा रात्री साडेदहाला फोन आला. "मामा, त्या डॉन जुआनमधी ट्रम्पेट टोचतंय न्हवं, ते गाडी चालवताना सारखं आठवतंय."

मी म्हटलं, "मग ती तुझी."